निनावी विद्युत बास गिटार : ओळख आणि पुनर्स्थापना

बीजशब्द : विद्युत बास गिटार, वाद्यनिर्मिती, जपानी वाद्यउद्योग, भौतिक पुरावा, संवर्धन

प्रस्तावना

जुन्या वस्तूंच्या बाजारात, बंद पडलेल्या एखाद्या वाद्यवृंदाच्या सामानात किंवा घराच्या माळ्यावर कधीकधी एखादी विद्युत बास गिटार सापडते. चार जाड तारा, गंजलेल्या खुंट्या, खरखरणारी बटणे आणि डोक्यावर नाव नाही. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'ही कोणत्या कंपनीची?' उत्तर मिळाले नाही की लगेच निर्णय होतो, 'मग हिला किंमत नाही.' हा निर्णय एकदा झाला की पुढचे सारे त्याच ओघाने होते. वाद्य घासून नव्याने रंगवले जाते, आतील भाग फेकून नवे बसवले जातात, आणि कित्येकदा त्याच्या डोक्यावर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचे नाव चिकटवले जाते.

प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ बास गिटारींचा निनावीपणा हा अपघात नव्हता. तो त्या काळच्या उत्पादन व विक्रीव्यवस्थेचा एक भाग होता. त्यामुळे 'कोणती कंपनी' यापेक्षा 'कोणता कारखाना आणि कोणता काळ' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. त्याचे उत्तर नावपट्टीवर नसले तरी लाकूड, धातू, रंग आणि विद्युतजोडणी यांत बऱ्याच अंशी शिल्लक असते. नामांकित वाद्याचा रंग घासला तरी त्याचे नाव उरते. निनावी वाद्याचा रंग घासला तर मात्र काहीच उरत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी तंबोरा-सतारीच्या परिभाषेतील दांडी, पडदे, घोडी व खुंट्या हे शब्द येथे वापरले आहेत. गिटारवादक त्यांनाच अनुक्रमे नेक, फ्रेट, ब्रिज आणि ट्युनर म्हणतात. तंबोऱ्यात अटीचे जे काम, ते गिटारमध्ये नट नावाची पट्टी करते.

वाद्याची पार्श्वभूमी

बास गिटारचे काम पूर्वी डबल बास हे माणसाहून उंच, उभे वाद्य करीत असे. ते नेण्याआणण्यास अवघड होते आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज हरवत असे. सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने आडवे धरून वाजवण्याचे विद्युत बास वाद्य तयार केले होते. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. हे वाद्य खऱ्या अर्थाने रूढ झाले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बास'मुळे. दांडीवर पडदे असल्याने स्वर अचूक लागतो, हाच त्या नावाचा अर्थ. नटपासून घोडीपर्यंतची तारेची कंपनलांबी फेंडर यांनी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मि.मी. ठेवली. १९५३ मध्ये गिब्सन कंपनीने साडेतीस इंचांचे वाद्य आणले. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीच्या होफ्नर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराचा, सुमारे ३० इंची बास काढला. लांब आणि आखूड मापांची ही विभागणी पुढे जगभरातील कारखान्यांनी स्वीकारली. ओळखीच्या कामात तिचा उपयोग पुढे येईलच.

आपल्याकडे हा स्वर सर्वांच्या कानी पडला तो मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेली बास गिटार लाखो श्रोत्यांनी ऐकली आहे. वाद्याचे नाव मात्र त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

निनावीपणाचे अर्थकारण

१९६० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात तरुणांच्या वाद्यवृंदांची लाट आली. नामांकित वाद्यांच्या किमती विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. ही मागणी मोठ्या प्रमाणावर जपानने भागवली. हवाईयन गिटारचे वादक अत्सुओ कानेको आणि विद्युत अभियंता दोर्यू मात्सुदा यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली 'तेइस्को' ही कंपनी त्यांत अग्रभागी होती. १९६७ मध्ये ती कावाई या पियानो उत्पादक कंपनीने विकत घेतली. नागानो प्रांतातील मात्सुमोतो हे शहर या उद्योगाचे दुसरे केंद्र. तेथे १९६० मध्ये 'फुजिजेन' स्थापन झाली. त्याच शहरातील 'मात्सुमोकू' हा कारखाना मुळात लाकूडकामाचा, आणि सिंगर शिलाई यंत्रांच्या लाकडी पेट्या बनवणारा. तो पुढे गिटारकडे वळला आणि १९८७ मध्ये बंद झाला. शिलाई यंत्राच्या पेटीला चढवायचा पातळ लाकडी पापुद्रा आणि गिटारच्या अंगाला चढवायचा पापुद्रा यांत कारागिराच्या दृष्टीने फारसे अंतर नसते, ही बाब मला या साऱ्या इतिहासात विशेष मनोरंजक वाटते.

या कारखान्यांचा खरा ग्राहक वादक नसून आयातदार होता. अमेरिकेतील आयातदार, टपालाने माल विकणाऱ्या संस्था आणि मोठी दुकाने ठोक मागणी नोंदवीत व वाद्यावर स्वतःचे नाव लावून घेत. सीअर्स कंपनी 'सिल्व्हरटोन' या नावाने वाद्ये विकत असे. त्यांतील काही न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रोने बनवलेली, तर काही जपानहून आलेली होती. म्हणजे एकाच नावामागे दोन देश. याउलट एकाच जपानी कारखान्यातून बाहेर पडलेली, घडणीने सारखी वाद्ये 'किंग्स्टन', 'केंट', 'ऑडिशन' अशा निरनिराळ्या नावांनी विकली गेली. तेव्हा नावपट्टी सापडली तरी तिच्यावरून बहुधा विक्रेता कळतो, निर्माता नव्हे.

ही नावपट्टी पुष्कळदा प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची असे आणि दोन बारीक खिळ्यांनी डोक्यावर ठोकलेली असे. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर उत्पादक देशाचे नाव असणे बंधनकारक होते. काही वाद्यांवर ते दांडीच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर कोरलेले सापडते. अनेकांवर ते कागदी चिठ्ठीपुरतेच होते. चाळीस-पन्नास वर्षांत खिळे सैल झाले, चिठ्ठ्या गळल्या आणि वाद्य निनावी झाले.

ओळखीची साधने

कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी वाद्य जसे आहे तसे, मोजपट्टी शेजारी ठेवून, सर्व बाजूंनी छायाचित्रित करावे. त्यानंतर नटच्या कडेपासून बाराव्या पडद्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून ते दुप्पट करावे. ती कंपनलांबी होय. घोडीपर्यंत थेट मोजू नये, कारण घोडी मागेपुढे सरकवलेली असू शकते. ३४ इंच आल्यास वाद्य फेंडरच्या वळणाचे आहे. ३० इंचांच्या आसपास आल्यास १९६० च्या दशकातील जपानी किंवा युरोपीय विद्यार्थी-वाद्याची शक्यता वाढते. शक्यता वाढते, एवढेच. सिद्ध काहीच होत नाही.

डोक्याचे निरीक्षण तिरप्या प्रकाशात करावे. रंग उन्हाने पिवळा पडतो किंवा फिका होतो, पण नावपट्टीखालचा भाग झाकलेला असल्याने मूळ छटेत राहतो. त्यामुळे निघून गेलेल्या पट्टीची आकृती तेथे सावलीसारखी उमटलेली दिसते. दोन खिळ्यांची छिद्रे असतील तर त्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये नोंदवावे. माहीत असलेल्या पट्ट्यांच्या मापांशी ते ताडून पाहता येते. नटच्या लगेच पुढे एक जादा पडदा, म्हणजे शून्य पडदा, आहे काय हेही येथेच पाहावे. जपानी व युरोपीय स्वस्त वाद्यांत तो वारंवार आढळतो, फेंडरच्या वाद्यांत नसतो.

त्यानंतर तारा हळूहळू सैल करून दांडी अंगापासून वेगळी करावी. दांडी स्क्रूंनी जोडलेली असेल तरच हे करावे. सरसाने चिकटवलेल्या दांडीस हात लावू नये. वाद्याचा सर्वांत बोलका भाग हा सांधाच. येथे रंगकाम अर्धवट असते, त्यामुळे लाकूड उघडे दिसते. अंग अखंड लाकडाचे आहे की थरांचे, म्हणजे प्लायवुडचे, ते स्क्रूच्या छिद्रांतून कळते. डॅनइलेक्ट्रोची अंगे लाकडी चौकटीवर दाबीव तंतुफळी बसवून केलेली असत. दांडीच्या टोकावर पेन्सिलीचे आकडे, शिक्का किंवा चिनी-जपानी लिपीतील खूण असू शकते. फेंडरच्या दांड्यांवर महिना व वर्ष लिहिण्याची प्रथा होती. जपानी वाद्यावर '४१' सारखा आकडा असल्यास तो शोवा कालगणनेतील वर्ष असण्याचा विचार करावा. त्यात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून शोवा ४१ म्हणजे १९६६. अर्थात तो नुसता तुकडीचा क्रमांकही असू शकतो. दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा असल्याखेरीज त्यावर विसंबू नये. सांध्यात कधीकधी दांडीचा कोन साधण्यासाठी पुठ्ठ्याची घडी घातलेली असते. ती कचरा समजून फेकली जाते. तिच्यावर छापील मजकूर असेल तर तो कोणत्या भाषेत आहे, यावरूनही वाद्य कोणाच्या हातांतून गेले हे कळते.

आता बटणांखालील पोटेन्शिओमीटर, म्हणजे बोलीभाषेत 'पॉट'. अमेरिकन पॉटच्या पाठीवर सहा किंवा सात आकडी संकेत कोरलेला असतो. पहिले तीन अंक निर्मात्याचे : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढील एक किंवा दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३३ याचा अर्थ सीटीएसने १९६६ च्या तेहेतिसाव्या आठवड्यात बनवलेला भाग. वर्षाचा एकच अंक असल्यास दशक अन्य पुराव्याने ठरवावे लागते. या संकेतातून वाद्य केव्हा बनले हे कळत नाही; ते त्याआधी बनलेले नाही, एवढेच कळते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षे वापरला, हे उदाहरण या संदर्भात प्रसिद्धच आहे. शिवाय भाग मूळचा असेल तरच त्याची साक्ष ग्राह्य, आणि त्याची खूण म्हणजे डाग. पूर्वी कोणी न छेडलेला डाग गुळगुळीत व एकसारखा काळवंडलेला असतो. दुरुस्तीचा डाग ओबडधोबड व अधिक चकचकीत दिसतो. जपानी वाद्यात अमेरिकन संकेताचा पॉट सापडला तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती होय.

वायर जोडण्याचे छिद्रही पाहावे. नेहमीच्या पाव इंची जॅकऐवजी पाच टोकांचे गोल डिन सॉकेट असेल, तर शोध पूर्व व मध्य युरोपाकडे वळवावा. सोव्हिएत कारखाने, चेकोस्लोव्हाकियाची योलाना आणि पूर्व जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन येथील मुझिमा यांच्या वाद्यांत अशी सॉकेटे आढळतात. तेथील बास गिटारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रंगाचा प्रकार ठरवण्यासाठी सांध्याच्या आत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने ॲसिटोनचा एक थेंब लावावा. नायट्रोसेल्युलोज लाखेचा रंग लगेच मऊ होतो, पॉलिएस्टरचा होत नाही. ही चाचणी एकदाच करावी आणि बाह्य पृष्ठावर कधीही करू नये.

दुरुस्ती हाही पुरावा

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये विकत घेतलेला होफ्नर बास १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका गाडीतून चोरीस गेला. तो ससेक्समधील एका घराच्या माळ्यावर सापडून मूळ मालकाकडे परतल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्या वाद्याला कंपनीचे नाव होतेच. पण होफ्नरचे असणे आणि तेच एक वाद्य असणे यांत मोठे अंतर आहे. ते भरून निघाले ते घडणीच्या बारकाव्यांनी. डावखुऱ्या वादकासाठीची रचना, दोन पिकअप एकमेकांजवळ बसवण्याची त्या काळची पद्धत, आणि १९६४ मध्ये झालेल्या दुरुस्तीच्या व पुनर्रंगकामाच्या खुणा हे ते बारकावे. कोण्या कारागिराने साठ वर्षांपूर्वी केलेली ती दुरुस्ती उद्या कोणी 'मूळ रूपात आणण्यासाठी' काढून टाकली असती, तर एक महत्त्वाची साक्ष नष्ट झाली असती.

पुनर्स्थापनेचा क्रम

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने एक मर्यादा घालून दिली आहे : जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो, तेथे पुनर्स्थापना थांबवावी. वाद्य ही इमारत नव्हे, ते वाजलेही पाहिजे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही निनावी वाद्याला ही मर्यादा अधिकच लागू होते, कारण त्याचे 'मूळ रूप' दाखवणारी छापील सूची बहुधा उपलब्ध नसते. बदल असे करावेत की ते पुन्हा उलटवता येतील, हा व्यावहारिक नियम येथे पुरेसा आहे.

प्रथम दांडी. लांब मापाच्या बासवर चार तारांचा एकत्रित ताण साधारण ७० ते ८० किलोग्रॅम असतो. अनेक वर्षे तो ताण सोसलेली दांडी धनुष्यासारखी वाकलेली असते. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असता मधल्या पडद्यांपाशी सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर फट असावी. अधिक असल्यास दांडीतील पोलादी सळईची चक्री एका वेळी पाव फेराच फिरवावी आणि दांडीला काही तास विसावू द्यावे. चक्री अडत असेल तर बळ लावू नये. कित्येक जपानी स्वस्त वाद्यांत फिरणारी सळई नसतेच, केवळ स्थिर पोलादी पट्टी असते. तेथे हलक्या, आखूड मापाच्या तारा लावून ताण कमी करणे हाच सर्वांत सौम्य उपाय. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात थरांच्या लाकडाचे थर सुटू लागतात. सुटलेली कड सरस घालून शिकंज्यात धरता येते, पण त्याआधी वाद्य कोरड्या खोलीत दोनतीन आठवडे ठेवावे.

विद्युतभागात घाईने सर्वाधिक नुकसान होते. आवाज येत नाही म्हणून पिकअप बदलला जातो. दोष मात्र पुष्कळदा जॅकच्या सैल पात्यात किंवा पॉटमधील धुळीत असतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मल्टिमीटरने रोध मोजल्यास काही हजार ओहम यावेत. अनंत रोध आला तर तार तुटली आहे. पण ती अनेकदा वेढ्यांच्या आत नव्हे, तर बाहेर निघणाऱ्या टोकापाशी तुटलेली असते आणि भिंगाखाली जोडता येते. वेढे नव्याने घ्यावेच लागले तर जुन्या तारेची जाडी, वेढ्यांची दिशा व चुंबकाची बाजू आधी नोंदवावी.

एक गोष्ट सुरक्षिततेची. गुणगुण कमी व्हावी म्हणून घोडीखालून एक तार परिपथाच्या भूसंपर्काला जोडलेली असते. त्यामुळे वाद्याच्या तारा, आणि पर्यायाने वादकाचे हात, ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडले जातात. वाद्याबरोबर दोन पिनांचा जुना व्हॉल्व्ह ध्वनिवर्धक मिळाला असेल तर तो तसाच कधीही लावू नये. त्यातील वीजपुरवठा व सांगाडा यांना जोडणारा कपॅसिटर निकामी झाल्यास २३० व्होल्टचा दाब थेट वादकापर्यंत पोहोचू शकतो. तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणी जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय एकही स्वर वाजवू नये. या एका बाबतीत मूळ भाग जपण्याचा आग्रह सोडलाच पाहिजे.

रंगकामाबाबत माझे मत स्पष्ट आहे : घासू नये. ओलसर मऊ फडक्याने मळ काढावा, सिलिकॉनयुक्त पॉलिश टाळावे, उडालेले तुकडे तसेच राहू द्यावेत. सेल्युलॉइडच्या जुन्या पट्ट्या मात्र काढून वेगळ्या ठेवाव्यात, कारण कुजताना त्यांतून निघणारे आम्लधर्मी वायू शेजारचा धातू खातात. दांडीवरील पट्टी शिसवीच्या जातीची असेल तर परदेशी पाठवताना वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा प्रश्न उद्भवतो. २०१७ मध्ये ते नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. ब्राझिली शिसव मात्र १९९२ पासून स्वतंत्र व अधिक कठोर बंधनाखाली आहे.

राहिला प्रश्न डोक्यावरील मोकळ्या जागेचा. तेथे प्रसिद्ध नाव चिकटवण्याचा मोह मोठा असतो, आणि तशा छापील चिठ्ठ्या विकतही मिळतात. विक्रीसाठी असे करणे आपल्याकडे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली गुन्हा ठरू शकते. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी, नव्या चिठ्ठीखाली खिळ्यांची ती दोन छिद्रे आणि न उन्हावलेली ती आकृती कायमची झाकली जाते. ती जागा मोकळीच ठेवावी. काढलेला प्रत्येक भाग, मग तो तुटका पॉट असो वा पुठ्ठ्याची घडी, तारीख घातलेल्या पिशवीत ठेवावा. कंपनलांबी, छिद्रांतील अंतर, पॉटचे संकेत, सांध्यातील आकडे आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती एका कागदावर लिहून तो कागद व ती पिशवी वाद्याच्या पेटीतच ठेवावी, म्हणजे वाद्य हस्तांतरित झाले तरी ती त्याच्याबरोबर जातील.